मुहय्योच्या पाठवणीचं गाणं

मित्रांनो, मी कोकंद शहरातल्या एका घरात, आतल्या खोलीच्या खिडकीखाली, भिंतीला पाठ लावून उभा असतो. काळा, लांबट, एका कोपऱ्याला पोचा आलेला. येणारे-जाणारे मला फळी समजतात आणि माझ्यावर घड्या घातलेले कपडे ठेवतात. पूर्वी मला राग यायचा. आता येत नाही, कारण राग धरायलाही अंगात धमक लागते. मी एक सिंथेसायझर आहे. वय पस्तिशीच्या आसपास, म्हणजे आमच्यात म्हाताराच. माझ्या एकसष्ट पट्ट्यांपैकी तीन दाबल्या की दबलेल्याच राहतात. माझी कहाणी फार आनंदाची नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना हसायचं असेल त्यांनी मधल्या भागात हसून घ्यावं.

जन्म माझा जपानमधला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी मला जोडला, एकीने माझ्या सगळ्या पट्ट्या एकेकदा दाबून पाहिल्या आणि खोक्यात घातला. पुढे जहाज, मग दुबईचं दुकान, मग एका व्यापाऱ्याच्या गाठोड्यांमधून मर्गिलान शहराचा बाजार. तिथे एका बाजूला थर्मासांचा ढीग, दुसऱ्या बाजूला गालिचे, आणि मधे मी. मामूरजान तिथेच मला भेटला. लग्नांत गाणारा-वाजवणारा माणूस, वय तिशीचं, मिशा नुकत्याच राखलेल्या. तीन दिवस तो रोज येऊन माझ्यापाशी उभा राहिला. हातही लावला नाही. चौथ्या दिवशी गाय विकून आला आणि मला खांद्यावर घालून घरी घेऊन गेला.

त्याची बायको हनीफा दारातच उभी होती. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"गाय निदान सकाळ-संध्याकाळ दूध द्यायची," ती म्हणाली. "हे काय देणार?"

"हे एकटं पाच माणसांचं काम करेल."

"आणि ती पाच माणसं काय करतील?"

मामूरजान माझी वायर सोडवायला लागला. खरं सांगायचं तर त्या प्रश्नाचं उत्तर इतक्या वर्षांत मलाही सुचलेलं नाही.

आता माझ्या पोटात काय आहे ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं दुःख त्यातच आहे. माझ्यात सिक्वेन्सर नावाची एक सोय आहे. तुम्ही पट्टी दाबली की ती आवाज साठवत नाही. कोणती पट्टी दाबली, कुठल्या क्षणी, किती जोरात, आणि बोट कधी उचललं, एवढंच ती टिपून ठेवते. या टिपणाच्या भाषेला मिडी म्हणतात. ते टिपण मी परत वाचलं की पट्ट्या जागच्या हलत नाहीत, पण सूर तसेच्या तसे उमटतात. अशा सोळा ओळी एकावर एक भरता येतात. आधी ठेका, त्यावर खर्ज, त्यावर रुबाब या तंतुवाद्यासारखा आवाज, त्यावर सनई. एकच माणूस सोळा वेळा बसला की सोळा जणांचा ताफा तयार होतो. चुकलेलं मोजून-मापून सरळ करायचं बटणही माझ्यात आहे. मामूरजानने ते कधी वापरलं नाही. त्याच्या डाव्या करंगळीला लहानपणी मागात सापडून इजा झाली होती, त्यामुळे ती नेहमी किंचित उशिरा आणि हलकी पडायची. सरळ केलं तर ते माझं कसं राहील, असं तो म्हणायचा.

काय दिवस होते ते. लग्नाच्या दिवशी पहाटे होणाऱ्या पुलावाच्या पंगतीला मर्गिलानमध्ये तीन-तीनशे पुरुष रांगा धरून बसायचे, कढईतून वाफ निघायची, आणि मामूरजान दोन हातांनी चार ओळी वाजवायचा, बाकीच्या बारा मी. लोक मागे येऊन बघायचे की पडद्याआड कुणी लपलंय का. एका म्हाताऱ्याने तर माझ्या खाली वाकून पाहिलं. मर्गिलानपासून कोकंदपर्यंतच्या सगळ्या खोऱ्यात आमचं नाव झालं. मामूरजान-अका, म्हणजे मामूरजानदादा, म्हटलं की लोक खाली बसायला गादी आणून द्यायचे, आणि मला ठेवायला त्याच्याहून चांगली गादी.

पण पूर्वी त्याच्याबरोबर वाजवणारे जे पाच जण होते, ते हळूहळू दिसेनासे झाले. सनईवाला रशियात विटा उचलायला गेला. रुबाबवाल्याने टरबुजांचा धंदा सुरू केला. दोघांनी वाद्यं विकली. राहिला तो एकटा सोबित-अका. हा दोयरा वाजवायचा. दोयरा म्हणजे मोठा डफ, आतून लोखंडी कड्या लावलेला. ठेका तर मीच धरायचो, त्यामुळे सोबितची गरज नव्हती, पण मामूरजानने त्याला सोडला नाही आणि सोबितने मला टोमणे मारणं सोडलं नाही.

"हा बघा आमचा नवा गडी," तो लोकांना सांगायचा. "थकत नाही, पुलाव खात नाही, आणि मोठ्या माणसाला सलामही करत नाही."

मी शरमायचो. करणार काय, मला सलाम करता येत नाही.

मुहय्यो ही मामूरजानची एकुलती मुलगी. ती माझ्या स्टँडखाली रांगली. बाप दुपारी सराव करायचा तेव्हा ती माझ्या सावलीत उशी घेऊन झोपायची, आणि वाजवणं थांबलं की जागी व्हायची. मोठी होऊन ती शाळेत पहिलीच्या मुलांना शिकवायला लागली. स्वभावाने सरळ, हट्टी, आणि रीतभात पाळण्यात आईच्याही वरताण. तिचं लग्न कोकंदच्या नोदिरशी ठरलं, पुढच्या एप्रिलचं, जर्दाळू फुलतात तेव्हाचं. ठरलं त्या दिवशी सगळं घर तोंड गोड करत होतं आणि मामूरजान मात्र माझ्यावरची धूळ पुसत बसला होता. मुहय्यो येऊन त्याच्याजवळ बसली. ती त्याला अदा म्हणायची.

"अदा, तुम्ही माझ्या लग्नात वाजवणार ना?"

"मुलीच्या लग्नात बाप वाजवतो होय? बापाने दारात उभं राहायचं असतं. छातीवर हात ठेवून, येईल त्याला या-बसा करत."

मुहय्योचं तोंड उतरलं. सगळ्या गावाच्या पोरींच्या पाठवणीत अदांनी वाजवलं आणि माझ्या वेळी कुणी परका वाजवणार, असं काहीतरी ती पुटपुटली.

"परका कशाला?" तो म्हणाला. "दारात मी उभा राहीन. आणि वाजवीनही मीच."

मग त्याने माझ्यावर थाप मारली. मुहय्योला कळलं आणि ती हसली. तिला मिठी मारून रडता आलं असतं, पण त्या घरात मिठ्या मारायची पद्धत नव्हती.

त्या शरद ऋतूत रोज जेवणं झाली की मामूरजान माझ्यासमोर बसायचा, कानाला हेडफोन लावून. मुलीला लग्नाच्या दिवसापर्यंत एक सूरही ऐकू येऊ द्यायचा नव्हता त्याला. हनीफालाही नाही. बाहेरून बघणाऱ्याला फक्त पट्ट्यांची टकटक ऐकू यायची. तो एक ओळ भरायचा, पुसायचा, परत भरायचा. कधी स्वतःशीच मान हलवायचा. एका जागी आला की दर वेळी चष्मा काढून पुसायचा आणि मग बराच वेळ पुढे जायचा नाही. मित्रांनो, एवढ्या वर्षांत त्याने हजारो लग्नांसाठी वाजवलं, पण त्याचा असा चेहरा मी दुसऱ्या कुठल्या गाण्याला पाहिला नाही.

आता माझ्या आतल्या एका बारीकशा गोष्टीबद्दल सांगायला हवं. मी बंद असतो तेव्हा हे टिपण पुसलं जाऊ नये म्हणून माझ्यात नाण्याएवढी एक बॅटरी बसवलेली आहे. त्या हिवाळ्यात रोज तीन-तीन तास वीज जायची. तरी वीज आली की गाणं जिथल्या तिथे असायचं, ते या नाण्याच्या जिवावर. त्यामुळे मामूरजानचा माझ्यावर फार विश्वास बसला. पण ते नाणं बावीस वर्षं जुनं होतं. नोव्हेंबरपासून मी चालू झालो की माझ्या स्क्रीनवर दोन शब्द यायचे: बॅटरी कमी. मामूरजान चष्मा वर करून ते वाचायचा आणि बटण दाबून घालवायचा. एकदा तो सोबितला म्हणालाही, की याला वीज तर भिंतीतून मिळते, मग कसली बॅटरी मागतोय हा? दोघं हसले. फ्लॉपीवर उतरवून ठेवायची माझी खाचही दोन वर्षांपूर्वीच बिघडली होती. बाजारातल्या पाक नावाच्या कारागिराकडे न्यायचं ठरलं होतं. लग्नं आटोपली की नेऊ, असं दर वर्षी ठरायचं.

जानेवारीत मोठा बर्फ पडला. आमच्याकडची धाब्याची घरं, छपरावरचा बर्फ ओढला नाही तर छप्पर खाली येतं. मामूरजान सकाळी फावडं घेऊन वर चढला. खाली हनीफा चहा ओतत होती. फावड्याचा आवाज थांबला म्हणून ती बाहेर गेली. तो वरच बसला होता, पाय खाली सोडून, फावडं मांडीवर. त्याचं हृदय थांबलं होतं.

त्या दिवसाबद्दल मी जास्त बोलणार नाही. बायका निळे कपडे घालून आल्या, पुरुष दारात कंबरेला फडकी बांधून उभे राहिले. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षभर त्या घरात वाद्य वाजत नाही, लग्न होत नाही, बायका निळं सोडून दुसरं नेसत नाहीत. कुणी जरा सैल करतं, चाळीस दिवसांनी रेडिओ लावतं. मुहय्योने काडीइतकंही सैल केलं नाही. लग्न पुढच्या एप्रिलवर ढकललं. विसाव्या दिवशी तिने माझी वायर भिंतीतून काढली, गुंडाळली, आणि माझ्यावर जाड गोधडी घातली. घालताना तिने माझ्या पट्ट्यांवरून एकदा हात फिरवला. आत काय आहे ते तिला माहीत होतं. बापाचं गाणं तिने माझ्यावर विश्वासाने सोपवलं होतं.

मला ऐकायला वीज लागत नाही, बोलायला लागते. त्या गोधडीखाली मी सगळं ऐकत होतो. हनीफाचं रात्रंदिवस झाडणं, मुहय्योच्या वह्या तपासण्याचा आवाज, पावसाळी दिवसांत छपराची टपटप. आणि आत ते नाणं. भिंतीतून काही मिळत नव्हतं, म्हणून सगळा भार त्याच्यावर आला होता. मला ओरडून सांगायचं होतं. पण माझी ओरड म्हणजे स्क्रीनवरचे दोन शब्द, आणि स्क्रीन तर काळी.

सप्टेंबरमध्ये सोबित-अका आला. गेलेल्या मित्रासाठी फातिहाची प्रार्थना वाचून झाली, चहा झाला, तरी उठेना. शेवटी घसा खाकरून म्हणाला की जरा वेळ ते यंत्र लावलं तर? हेडफोन लावून. मित्राने काय केलंय ते एकदा ऐकावं असं मनात आहे. हनीफा म्हणाली, लावू दे की, काय बिघडतंय. मुहय्यो मात्र कडक बोलली.

"वर्ष व्हायचंय अजून, सोबित-अका."

"बाहेर आवाज जाणार नाही, पोरी."

"बाहेर जाणार नाही. पण घरात वाजेल ना? त्यांना जाऊन आठ महिने झाले नाहीत, आणि तुम्हाला गाणी ऐकायची घाई."

सोबितने पेला खाली ठेवला. "म्हातारा झालोय," तो म्हणाला. "घाई एवढीच आहे."

तो गेला. मुहय्यो नंतर बराच वेळ माझ्यापाशी उभी होती. तिने गोधडीचा एक कोपरा उचलला. मला वाटलं, आता वायर लावते. मी, एक लोखंडाची आणि प्लॅस्टिकची वस्तू, देवाची करुणा भाकत होतो. पण तिने सुरकुती सारखी केली आणि कोपरा परत खाली सोडला.

मित्रांनो, त्या पोरीला दोष देऊ नका. तिचं बापावर प्रेम होतं म्हणूनच तिने मला गप्प ठेवलं. कमी प्रेम असतं तर चाळीसाव्या दिवशीच लावलं असतं.

ते नाणं कधी विझलं, ते मला सांगता येणार नाही. ज्या क्षणी ते विझलं त्या क्षणीच सांगायची सोय संपली. सोबित आला होता त्याच्या आधी असेल, नंतर असेल. हिवाळा आला, परत बर्फ पडला, या वेळी छपरावर शेजारचा माणूस चढला.

वर्षाची फातिहा झाली. पुलावाच्या कढया धुऊन परत गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मुहय्योने निळे कपडे उतरवून ठेवले, सोबित-अकाला बोलावून आणलं, आईला शेजारी बसवलं, आणि माझ्यावरची गोधडी काढली. वायर लावली. मी जागा झालो. स्क्रीन उजळली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आवाजांच्या यादीत मामूरजानने स्वतः बनवलेले आवाज असायचे, त्यांना त्याने ओळखीची नावं दिली होती, एकाचं नाव तर हनीफाची गाय असं होतं. ती नावं नव्हती. पियानो एक, पियानो दोन, जपानहून निघालो तेव्हाची नावं होती. मुहय्योने गाण्यांची यादी उघडली. पहिली जागा रिकामी, दुसरी रिकामी. ती खाली खाली जात राहिली आणि शेवटच्या जागेपर्यंत जाऊन परत वर आली. वाजवायचं बटण दाबलं. सोबित कान पुढे करून बसला होता. तो म्हणाला, आवाज वाढव. तिने आवाज पूर्ण वाढवला. स्पीकरमधून नुसती सरसर ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी ती मला पाठीवर बांधून बसने बाजारात घेऊन गेली, पाककडे. हा कोरियन म्हातारा, डोळ्याला भिंग लावून काम करणारा. त्याने मला पालथा घातला, दहा मिनिटांत उघडला, चिमट्याने ते नाणं काढून तिच्या तळहातावर ठेवलं.

"हे मेलं," तो म्हणाला. "कधीपासून बंद होता हा?"

"वर्षभर. आमच्याकडे दुःख होतं."

पाकने भिंग वर केलं. "लावला असता तर त्याने स्वतःच सांगितलं असतं. स्क्रीनवर येतं. दहा मिनिटांचं काम होतं."

मग त्याला तिच्या तोंडाकडे बघून कळलं असावं की हे बोलायला नको होतं. त्याने नवीन नाणं बसवलं आणि खाच दुरुस्त करून दिली. मुहय्योने त्याला एकच विचारलं, सप्टेंबरमध्ये लावला असता तर गाणं असतं का? पाक म्हणाला, असतं किंवा नसतं, पोरी, ते कुणालाच सांगता येणार नाही. ती पूर्ण रस्ताभर मला घट्ट धरून बसली होती. बसमधल्या बाईने जागा देऊ केली तरी तिने घेतली नाही.

घरी आल्यावर तिने सोबितला बोलावणं पाठवलं. तो आला तेव्हा ती त्याच्यापुढे गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "मी तुम्हाला हाकललं होतं, सोबित-अका."

"तू रीत पाळलीस," तो म्हणाला.

"रीत मीच ताणली."

हनीफा कोपऱ्यातून म्हणाली की गोधडी मीच शोधून दिली होती, जाडातली जाड. सोबितने उठताना सांगितलं ते ऐकून मात्र मुहय्योने मान वर केली. त्या गाण्यात एक ओळ त्याच्यासाठी मोकळी ठेवली होती. मामूरजानला तो ठेका माझ्या आवाजात नको होता, सोबितच्या हाताचा हवा होता. बर्फ वितळला की येऊन भरायची होती. किती थापा, किती हलक्या, किती जोरात, कुठे थांबायचं, हे सगळं त्याने सोबितला मांडीवर ठोकून शिकवलं होतं. वरचे सूर काय आहेत म्हणून विचारलं तर म्हणाला होता, ते तू लग्नातच ऐक.

"म्हणजे मला फक्त माझं येतं, पोरी," सोबित म्हणाला. "त्याचं नाही येत."

एप्रिल आला. अंगण भरलं. लॅपटॉपवर गाणी लावणारा एक तरुण गवई कोकंदहून आला होता. दारात छातीवर हात ठेवून मुहय्योचा चुलता उभा होता. पाठवणीची वेळ झाली तेव्हा मुहय्योने त्या गवयाला थांबायला सांगितलं, आणि मला अंगणात मधोमध ठेवायला लावलं. सोबित माझ्या शेजारी दोयरा घेऊन बसला. तिने स्वतःच्या हाताने वाजवायचं बटण दाबलं. माझ्यात काही नव्हतं. पण रिकामं गाणंसुद्धा मी मोजतो. स्क्रीनवर आकडे पुढे सरकू लागले.

सोबितने पहिली थाप दिली. आठ थापा, हळू. मग तो थांबला. हात दोयऱ्यावर तसाच ठेवून बसला. मग परत सहा थापा. परत थांबला. पाहुण्यांमध्ये चुळबुळ झाली. कुणी म्हणालं, म्हातारा विसरला. पण हनीफाने मान खाली घातली होती, नवरा वाजवायला बसला की ती घालायची तशी. तिला कळलं होतं. त्या मोकळ्या जागा सोबितच्या नव्हत्या. तिथे मामूरजान होता.

मग मुहय्योलाही कळलं. थापा चालू असताना ती एकेक पाऊल दाराकडे टाकायची, मोकळी जागा आली की उभी राहायची आणि ऐकायची. काही नव्हतं ऐकायला. अंगणात तीनशे माणसं होती आणि कढईचा पोरका बुडबुडाट. शेवटी एक फार लांब मोकळी जागा आली. ती उंबऱ्यापाशी उभी होती. सोबितने दोयरा मांडीवर ठेवला आणि परत उचललाच नाही.

"संपलं का?" तिने विचारलं.

"माझं संपलं," सोबित म्हणाला. "शेवट त्याच्याकडे आहे. तो कधी होतो, मला माहीत नाही."

ती वाट बघत राहिली. किती वेळ, ते आकडे माझ्याकडे होते, पण सांगून उपयोग नाही. नवरदेव नोदिर शेजारी हात बांधून उभा होता, त्याने घाई केली नाही, यासाठी मी त्याला आयुष्यभर मानतो. मग तिने उंबरा ओलांडला. मला थांबवायचं मात्र कुणी धजेना. मी संध्याकाळी वीज जाईपर्यंत मोजत होतो.

आता मी कोकंदला असतो. हनीफाने मला मुलीबरोबर पाठवलं. मुहय्योची मुलं मोठी होत आहेत. ती कधीतरी दुपारी कपडे बाजूला करून माझ्यापाशी बसते आणि पट्ट्यांवर शोधत राहते. चार सूर जुळवते, मान हलवते, पुसून टाकते. तिला वाटतं, बापाचा हात ओळखू येईल. मुलं विचारतात, काय शोधतेस? ती म्हणते, काही नाही.

तुम्ही मला विचाराल की बाबा, ते गाणं होतं तरी कसं? ते तर तुझ्यातूनच गेलं, हजार वेळा. मित्रांनो, मला त्याचा चेहरा आठवतो, तो चष्मा कुठे काढायचा ते आठवतं, त्याची करंगळी कशी पडायची ते आठवतं. गाणं आठवत नाही. ते त्या टिपणात होतं आणि टिपण गेलं. ज्याला ते ठाऊक असायला हवं होतं, असा जगात मी एकटाच होतो.

म्हणून एक विनवणी आहे. तुमच्या घरात गेलेल्या माणसाची एखादी वस्तू असेल. घड्याळ, शिलाई मशीन, फोन, माझ्यासारखं एखादं यंत्र. तुम्ही ती प्रेमाने पुसून, गुंडाळून, झाकून ठेवली असेल. आज जाऊन ती उघडा. वाजवायची नसेल तर वाजवू नका. नुसती चालू करा आणि ती काय म्हणते ते वाचा. झाकलेली वस्तू ओरडत असली तरी बाहेर ऐकू येत नाही.